जनुक गप्प होईल हो, पण निरोप पोचवणार कोण?

‘शरीराला औषधाची सवय झाली, आता औषध लागू पडत नाही.’ कॅन्सरच्या पेशंटबद्दल हे वाक्य आपल्याकडे सर्रास ऐकायला मिळतं. हॉस्पिटलच्या व्हरांड्यात, एसटीत, लग्नाच्या पंगतीतसुद्धा. बोलणारा सहज बोलून जातो, ऐकणारे मान डोलावतात आणि विषय संपतो. माझं म्हणणं असं आहे की विषय तिथे संपत नाही, तिथून सुरू होतो. हे वाक्य शास्त्राच्या दृष्टीने चुकीचं आहे, ते पेशंटवर अन्याय करतं, आणि त्यातलं उरलेलं काम बरंचसं डॉक्टरांचं नसून आपलं, म्हणजे इंजिनिअरिंगच्या पोरापोरींचं आहे. शेवटचा मुद्दा वाचून मेसमध्ये हसू येईल हे मला माहीत आहे. तरी पूर्ण वाचा.

मी केनवडची. तालुका रिसोड, जिल्हा वाशीम. शिक्षण सगळं कॉन्व्हेंटमध्ये झालं. ‘जीन’ला मराठीत ‘जनुक’ म्हणतात हे मला कॉलेजात आल्यावर कळलं! पण गावात कॉन्व्हेंटच्या पोरीला एक काम कायमचं लागलेलं असतं. बँकेचा फॉर्म आला, कोर्टाची नोटीस आली, औषधाच्या खोक्यातला कागद निघाला, की ‘बोलवा तिला’. दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या सुटीत असाच निरोप आला. आमच्या गल्लीतल्या एका काकूंना अंडाशयाचा कॅन्सर होता. एका मोठ्या शहरातल्या हॉस्पिटलात केमोचे सहा डोस झाले, गाठी विरल्या, काकू घरी येऊन पापडसुद्धा लाटू लागल्या. पण चार महिन्यांत दुखणं परत आलं. हातात दिली ती जाडजूड इंग्रजी फाईल, आणि त्या फाईलचा अर्थ मराठीत सांगायला तिथे कोणाला वेळ झाला नव्हता.

“तू कॉन्व्हेंटात शिकली नं वं, वाचून सांग काय लिहेल हाय ते.”

फाईलच्या शेवटच्या पानावर दोन शब्द होते, ‘प्लॅटिनम रेझिस्टंट’. काकांनी विचारलं, “प्लॅटिनम म्हंजे ते सोन्यापेक्षा महाग रायते ते?” मी म्हटलं, हो, तोच धातू. कार्बोप्लॅटिन नावाच्या औषधात तो असतो. ‘रेझिस्टंट’ला मात्र मला चटकन मराठी शब्द सापडेना. तेवढ्यात शेजारच्या एकीने निकाल देऊन टाकला, “पथ्य पाळलं नसन.” आणि काकू माझ्याकडे बघून म्हणाल्या, “माहं काई चुकलं का वं?”

नाही. काकूंचं काहीच चुकलं नव्हतं. हे मी त्यांना ज्या उदाहरणाने सांगितलं, ते आमच्या भागात शेंबड्या पोरालाही कळतं. ते म्हणजे बोंडअळीचं.

बीटी कापूस आपल्या देशात २००२ साली आला. २००६ मध्ये दोन जनुकांचं बीजी-टू आलं. पहिली काही वर्षं बोंडअळी नाव घ्यायला शिल्लक नव्हती. आणि २०१७ मध्ये विदर्भात त्याच बीटीच्या बोंडांतून शेंदरी अळी वळवळताना निघाली. आता सांगा, अळीला विषाची ‘सवय’ झाली होती का? एकाही अळीला नाही. लाखो अळ्यांत दोन-चार मुळातच अशा होत्या की ज्यांना ते विष बाधत नव्हतं. बाकीच्या मेल्या, या उरल्या, यांचीच पिलावळ वाढली. कॅन्सरच्या गाठीत हेच होतं. एका गाठीत कोट्यवधी पेशी असतात आणि त्या सगळ्या सारख्या नसतात. केमोने ९९ टक्के मारल्या तरी उरलेल्या एक टक्क्यात काही ‘पोचलेल्या’ असतात. पुढची गाठ त्यांची असते. म्हणजे सवय शरीराला होत नाही, निवड पेशींची होते. यात पथ्याचा, नशिबाचा, मागच्या जन्माचा काही संबंध नाही.

काकू त्यानंतर आठ महिन्यांनी गेल्या. पण ‘माझं चुकलं’ हे ओझं तरी त्यांच्या डोक्यावर राहिलं नाही, असं काका सांगतात. म्हणून मी म्हणते की ‘सवय झाली’ हे वाक्य आपण बोलणं बंद केलं पाहिजे.

आता या पोचलेल्या पेशी औषधाला दाद देत नाहीत म्हणजे नेमकं काय करतात? त्यांच्याकडे बऱ्याच युक्त्या आहेत. प्लॅटिनमचं औषध डीएनएला चिकटून तो बिघडवतं, तर काही पेशी तो डीएनए दुरुस्तच करून टाकतात. काही पेशी औषध आत शिरण्याचा रस्ता बारीक करतात. रक्ताच्या एका कॅन्सरवर इमॅटिनिब हे २००१ साली आलेलं फार गुणी औषध आहे. तिथे पेशी काय करते, तर औषध जिथे बसतं त्या प्रथिनातला ३१५ व्या जागेचा एकच अमिनो आम्ल बदलते. कुलूप बदललं की जुनी किल्ली लागत नाही, तसं.

पण सगळ्यात ‘मेकॅनिकल’ युक्ती आहे ती पंपाची. १९७६ साली ज्युलियानो आणि लिंग या दोघांनी कॅनडात पी-ग्लायकोप्रोटीन नावाचं प्रथिन शोधलं. पेशीच्या भिंतीत ही एक मोटरच बसवलेली असते. विहिरीत पाणी झिरपलं की मोटर उपसून टाकते, तसं औषध आत आलं की हा पंप ते बाहेर फेकतो. डॉक्सोरुबिसिन, व्हिंक्रिस्टिन, पॅक्लिटॅक्सेल अशी एकमेकांशी नातं नसलेली औषधंसुद्धा एकच पंप फेकतो. म्हणून एक औषध निकामी झालं की दुसरी चार न वापरताच निकामी होतात.

पहिला विचार अर्थातच ‘पंप बंद पाडा’ हाच आला. १९८१ मध्ये जपानच्या त्सुरुओंनी दाखवलं की वेरापामिल हे ब्लडप्रेशरचं औषध दिलं तर प्रयोगातल्या पेशींचा पंप अडतो. पण माणसात तेवढा डोस द्यायचा तर हृदयालाच धोका! पुढे खास पंपासाठी केलेली औषधंही मोठ्या चाचण्यांत टिकली नाहीत. एक मोठं कारण असं की हा पंप निरोगी शरीरातही असतो. आतडं, यकृत, मूत्रपिंड आणि मेंदूकडच्या रक्तवाहिन्या, सगळीकडे तो विषारी पदार्थ बाहेर टाकायचं काम इमानदारीने करत असतो. गावभरच्या मोटरी बंद केल्या तर चोराची मोटर बंद होईल हे खरं, पण गाव तहानेने मरेल.

इथे जीन सायलेन्सिंग येतं. आपल्या भाषेत सांगते. जनुक म्हणजे स्टोअरमध्ये कुलपात ठेवलेलं मूळ ड्रॉइंग. ते बाहेर काढत नाहीत, त्याची झेरॉक्स वर्कशॉपला जाते. त्या झेरॉक्सला म्हणतात एम-आरएनए. लेथवर जो जॉब तयार होतो ते प्रथिन, म्हणजे आपला पंप. आजवरची औषधं तयार जॉब मोडत होती. सायलेन्सिंग म्हणतं, ड्रॉइंगला हात लावू नका, जॉबशी मारामारी करू नका, वाटेतली झेरॉक्स फाडा. पंप तयारच होणार नाही.

ही युक्ती माणसाने शोधली नाही, सापडली. १९९० मध्ये अमेरिकेत जॉर्गेनसन आणि नॅपोली यांनी पिटुनियाची फुलं आणखी जांभळी व्हावीत म्हणून रंगाचं जनुक जादा घातलं. फुलं निघाली पांढरी! जादा जनुकामुळे मूळचं जनुकही गप्प बसलं होतं. असं का होतं, याचा उलगडा १९९८ मध्ये अँड्र्यू फायर आणि क्रेग मेलो यांनी एका सूक्ष्म कृमीवर केला आणि २००६ चं नोबेल मिळवलं. दुपदरी आरएनए पेशीत घातला की पेशीतली कात्री त्याचे छोटे तुकडे करते. त्यातला एक पदर घेऊन पेशीचंच एक यंत्र नमुना जुळणारी झेरॉक्स शोधतं आणि कापतं. २००१ मध्ये टुशल यांच्या गटाने दाखवलं की २१ अक्षरांचा तयार तुकडा, म्हणजे एसआय-आरएनए, थेट दिला तरी माणसाच्या पेशीत हे घडतं. म्हणजे कोणत्या जनुकाला गप्प करायचं ते आपण २१ अक्षरांत लिहून द्यायचं. आपल्या कॉम्प्युटर ब्रँचवाल्यांना याची किंमत वेगळी सांगायला नको.

प्रयोगशाळेतल्या बशीत हे छान चालतं, आणि आपल्या महाराष्ट्रातही चालतं. नवी मुंबईत खारघरला टाटा मेमोरियल सेंटरची ‘ॲक्ट्रेक’ ही संशोधन संस्था आहे. तिथे सोराब दलाल यांच्या प्रयोगशाळेने मोठ्या आतड्याच्या कॅन्सरमध्ये लिपोकॅलिन-२ या जनुकावर काम केलं. ते जास्त बोलू लागलं की पेशी ५-एफयू या नेहमीच्या औषधाला दाद देत नाहीत, आणि त्याचा आवाज कमी केला की औषध पुन्हा चालू लागतं, असं त्यांनी २०२१ मध्ये मांडलं. तिथेच प्रीथा रे यांचा गट अंडाशयाच्या कॅन्सरमध्ये प्लॅटिनम आणि पॅक्लिटॅक्सेल का निकामी होतात, याच्या मागे लागलेला आहे. म्हणजे काकूंच्या फाईलवरचे ते दोन शब्द. हे काम परदेशातच चालतं असं समजू नका. मुंबईला जाणाऱ्या ट्रॅव्हल्समधून उतरलात की पुढे रिक्षाने जाता येईल इतक्या जवळ चाललंय.

मग अडलंय कुठे? आजपर्यंत कॅन्सरवर मान्यता मिळालेलं एसआय-आरएनएचं एकही औषध नाही. का नाही?

कारण निरोप पोचत नाही. एसआय-आरएनए उघडाच शिरेत सोडला तर रक्तातली विकरं त्याचे तुकडे करतात. वाचला तर तो इतका बारीक, जेमतेम ७ नॅनोमीटर लांब, की मूत्रपिंड त्याला काही मिनिटांत गाळून टाकतं. तिथूनही सुटून पेशीपर्यंत पोचला तर त्याच्यावर ऋण भार आणि पेशीच्या भिंतीवरही ऋण भार, म्हणजे दारातूनच परत! म्हणून त्याला स्निग्ध पदार्थाच्या नॅनोकणात गुंडाळून पाठवतात. पेशी तो कण गिळते, पण एका पिशवीत कोंडून ठेवते. २०१३ च्या एका अभ्यासात असं दिसलं की त्या पिशवीतून निसटून कामाच्या जागी पोचणारा माल फक्त एक ते दोन टक्के असतो. शंभर पोस्टकार्डं टाकली, पोचली दोन! त्यात गाठीचा घोळ वेगळाच. तिथल्या रक्तवाहिन्या वेड्यावाकड्या, आतला दाब जास्त, मधल्या भागात रक्तच नीट जात नाही.

हे अशक्य नाही याचा पुरावा यकृताने दिला. ऑगस्ट २०१८ मध्ये पॅटिसिरान हे पहिलं एसआय-आरएनए औषध अमेरिकेत मान्य झालं. ते नसा निकामी करणाऱ्या एका आनुवंशिक आजारावर आहे. तिथे गप्प करायचं जनुक यकृतात असतं, आणि यकृत रक्तातले असे कण आपणहून उचलतं. पोस्टमनला पत्ता शोधावा लागत नाही. कॅन्सरच्या गाठीला मात्र पत्ताच नाही. सायलेन्सिंगचीच भावंड असलेली ‘अँटिसेन्स’ पद्धत घेऊन कस्टिरसेन नावाचं औषध आलं होतं. प्रोस्टेटच्या कॅन्सरमध्ये केमोला दाद न देण्यामागे जे जनुक आहे, नेमकं तेच गप्प करायचं. आधीच्या चाचण्यांनी आशा दाखवली, पण २०१४ मध्ये मोठ्या चाचणीचा निकाल आला तेव्हा पेशंटचं आयुष्य वाढलेलं दिसलं नाही. प्रयोगशाळेतल्या बशीत जिंकणं आणि माणसात जिंकणं यांत एवढं अंतर आहे.

आणि आता बघा, माणसात हे घडू शकतं हे पहिल्यांदा दाखवलं कोणी? २०१० मध्ये कॅल्टेकच्या मार्क डेव्हिस यांच्या गटाने. त्वचेच्या कॅन्सरच्या पेशंटना शिरेतून नॅनोकण दिले, मग गाठीचे तुकडे काढून तपासले, तर कण गाठीत पोचले होते आणि झेरॉक्स बरोबर ठरल्या जागी कापली गेली होती. हे डेव्हिस डॉक्टर नाहीत, केमिकल इंजिनिअर आहेत. पेट्रोलियमच्या रिफायनरीत लागणाऱ्या झिओलाइटवर त्यांचं नाव झालं होतं. म्हणजे जो विषय आपण चौथ्या सेमला ‘सुटलो एकदाचे’ म्हणून सोडतो, तिथून निघालेला माणूस!

माझा मुद्दा हाच आहे. कोणतं जनुक गप्प करायचं हे जीवशास्त्राने बऱ्यापैकी सांगून ठेवलंय. कण किती नॅनोमीटरचा असावा, दोन द्रव किती वेगाने मिसळले म्हणजे सगळे कण सारखे निघतील, तो रक्ताच्या प्रवाहात कुठे अडकेल, बॅच मोठी केल्यावर दर्जा तोच राहील का, फ्रीजशिवाय टिकेल का, आणि किंमत कशी उतरेल, हे सगळे प्रश्न मास ट्रान्सफर, फ्लुइड मेकॅनिक्स आणि प्रोसेस कंट्रोलचे आहेत. ते डॉक्टरांनी सोडवायचे का? त्यांनी पेशंट बघायचे की पंपाचे कर्व्ह काढायचे?

‘हे आपल्याकडे होणार नाही’ असं कोणी म्हणालं तर त्याला दोन उदाहरणं द्या. पुण्याच्या जिनोव्हा कंपनीने देशातली पहिली एम-आरएनए लस बनवली आणि जून २०२२ मध्ये तिला आपत्कालीन वापराची परवानगी मिळाली. आरएनएसारखा नाजूक माल उणे सत्तरच्या फ्रीजरशिवाय सांभाळून दाखवला तो पुणेकरांनी. दुसरं, आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांनी मिळून रक्ताच्या कॅन्सरवर ‘नेक्सकार-१९’ ही कार-टी उपचारपद्धती केली. ४ एप्रिल २०२४ रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते ती सुरू झाली, परदेशातल्या किमतीच्या साधारण दशांश खर्चात. इंजिनिअरिंगची संस्था आणि हॉस्पिटल एका टेबलावर बसले की काय होतं ते हे.

आता विरोधी बाजू. माझ्या रूममेटने मसुदा वाचून विचारलं, “तुमच्याकडे कॅन्सर कळतो तोच तिसऱ्या स्टेजला, आणि तू नॅनोकण घेऊन बसलीस?” बरोबर आहे तिचं. आधी तपासणी, आधी खर्रा बंद, हे झालंच पाहिजे. (बॉईज होस्टेलच्या मागच्या भिंतीजवळ पडलेल्या पन्न्या वॉर्डन सरांनाही दिसत असतीलच!) पण ज्याचा कॅन्सर आधीच परतलाय, त्याला ‘तुम्ही लवकर यायला हवं होतं’ हे उत्तर होऊ शकत नाही.

दुसरा आक्षेप मला जास्त गंभीर वाटतो. सायलेन्सिंगलाही पेशी दाद देणार नाहीत, तेव्हा काय? तेही घडू शकतं, आणि याचं उदाहरणही शेतातलंच आहे. मक्याच्या मुळं खाणाऱ्या किड्याचं जनुक गप्प करणारा मका अमेरिकेत २०१७ मध्ये मंजूर झाला. पुढच्याच वर्षी संशोधकांनी प्रयोगशाळेत असे किडे निवडून वाढवून दाखवले की त्यांच्या आतड्याने तो आरएनए आत घेणंच बंद केलं होतं. निरोप्यालाच दार बंद! म्हणून एकट्या सायलेन्सिंगच्या भरवशावर राहणं म्हणजे बीटीची चूक पुन्हा करणं. बीटीच्या ४५० ग्रॅमच्या पाकिटासोबत १२० ग्रॅम साधं बियाणं यायचं, कडेने पेरायला, म्हणजे साध्या अळ्या जगतील आणि पोचलेल्यांची पैदास पातळ होईल. बहुतेक बांधांवर ते पेरलंच गेलं नाही. कॅन्सरचे डॉक्टर आता हा धडा वाचतायत. फ्लोरिडाचे रॉबर्ट गेटनबी यांनी २००९ मध्ये कीडनियंत्रणाच्या विचारातूनच ‘ॲडॅप्टिव्ह थेरपी’ मांडली. सगळ्या पेशी एकदम मारायच्या मागे न लागता डोस कमी-जास्त करून पोचलेल्यांना डोकं वर काढू द्यायचं नाही, अशी ती पद्धत. सायलेन्सिंग, केमो आणि हे डोसाचं गणित, तिन्ही सुरुवातीपासून एकत्र आखावं लागेल. सिस्टिम डिझाईन म्हणतात ते आणखी काय असतं?

तेव्हा मित्र-मैत्रिणींनो, फायनल इयरचे प्रोजेक्ट ठरवायची वेळ येतेय. मागच्या बॅचची सीडी शोधून कव्हर बदलायचा विचार चालू असेल तर थांबा. केमिकलवाल्यांनी दोन बारीक नळ्यांत द्रव मिसळून सारखे कण काढायचा सेटअप करून बघावा. मेकॅनिकलवाल्यांनी वेड्यावाकड्या वाहिनीतल्या प्रवाहाचं सिम्युलेशन करावं. कॉम्प्युटरवाल्यांनी २१ अक्षरांचा तुकडा चुकून दुसऱ्याच जनुकाला जुळत नाही ना, हे तपासणारा प्रोग्राम लिहावा. यातून उद्या औषध निघणार नाही, हे मलाही कळतं. पण या प्रश्नाशी हात ओळख तर होईल.

सर आणि मॅडमना एकच विनंती. आमच्या वाशीमलासुद्धा ऑक्टोबर २०२४ मध्ये सरकारी मेडिकल कॉलेज सुरू झालं. अकोल्याचं तर आधीपासून आहे. वर्षातून एकदा तिथल्या डॉक्टरांना आपल्या सेमिनार हॉलमध्ये बोलवा आणि त्यांना एवढंच विचारा, ‘तुमचं काय अडतं?’ प्लेसमेंटच्या टॉकला आपण तीन-तीन तास बसतो. या टॉकला मी पहिल्या रांगेत जागा धरून ठेवीन.

— तृतीय वर्ष, केमिकल